पापडाच्या डब्यातले पट्टे

आमच्या घरची ऐरण अलोऱ्याला जाणार, हे मला आईकडून कळलं. बाबांनी मला सांगितलंच नव्हतं. मी मागीलदारी भांडी घासत होते आणि विहिरीवरून कळशी घेऊन येता येता आई म्हणाली, "गनपतीत ऐरन तुज्या चुलत भावाकडं धाडनारेत. जीप घेऊन येतो म्हनून सांगितलान त्यानं." मी हातातलं पातेलं तिथंच आपटलं. त्याचा पोचा शेवटपर्यंत गेला नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. लग्न होऊन तीन वर्षांत माहेरी परत आले होते. का आले ते सांगायची मला लाज वाटत नाही, पण इथे त्याचं काम नाही. रत्नागिरीपासून एस.टी.ने तासाभरावर आमचं गाव. घराला लागूनच बाबांची लोहारशाळ होती. पंचक्रोशीतले कोयते, विळे, नांगराचे फाळ तिथूनच जायचे. पण दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा खांदा धरला. वैद्य झाले, डॉक्टर झाले, तेल झालं, शेक झाला. हात खांद्याच्या वर काही जाईना. तेव्हापासून घण मी मारत होते आणि बाबा डाव्या हाताने सांडशी धरून सांगत होते, इथे मार, तिथे नको.

मी तशीच ओल्या हाताने लोहारशाळेत गेले. "ऐरण कशाला द्यायची? मी आहे ना?"

बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "तू घन मारशील. कानस कोन चालवनार?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. कानशीने पातं सपाट घासणं हे बाबांच्या उजव्या हाताचं काम. त्यांची कानस रुळावरून चालावी तशी सरळ जायची. माझी डुलायची आणि पात्याला मध्येच पोट यायचं. चार महिने शिकत होते, तरी पोट येतच होतं.

"ऐरन कामात ऱ्हायली पायजे," बाबा म्हणाले. "गंजत ठेवायला ती काय देव्हाऱ्यातली मूर्ती हाय?"

आमच्या घराण्याच्या प्रत्येक हत्यारावर मुठीजवळ तीन ठिपके असत. पणजोबा एक ठिपका मारत, आजोबांनी दुसरा वाढवला, बाबांनी तिसरा. ठिपके मारायचा पोलादी ठसा ऐरणीखालच्या ओंडक्यात पाडलेल्या भोकात उभा असायचा आणि बाबांशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. पात्याला पाणी पाजून ते कडक करायच्या आधी, लोखंड मऊ असतानाच ठिपके मारावे लागतात. चौथ्या ठिपक्याची गोष्ट घरात कुणी काढत नव्हतं. भाऊ मुंबईत एका कचेरीत चिकटला होता आणि मी मुलगी होते.

शिमगा उरकला आणि शेजारच्या गावचे एक बागायतदार शाळेत आले. त्यांनी कलमांची रोपवाटिका काढली होती. आंब्याची कोय रुजली की तांबूस, कोवळं रोप वर येतं. ते तांबूस आहे तोवर, म्हणजे आठ-दहा दिवसांत, छाटून त्यावर हापूसची काडी बसवायची, हे कोयकलम. काडीला पाचरीसारखा काप द्यायचा आणि तो एका ओढीत गुळगुळीत झाला पाहिजे. खरखरीत काप असला तर कलम जगत नाही.

"पंचवीस चाकू हवेत," ते म्हणाले. "पातं एका अंगाने अगदी सपाट, दुसऱ्या अंगाने उतार. जुलैत माणसं कलमं बांधायला बसणार. रोपं काही आपल्यासाठी थांबायची नाहीत. जमेल का तेवढं सांगा, नाहीतर मी मुंबईहून मागवतो."

बाबा नाही म्हणायला तोंड उघडत होते. मी म्हटलं, "जमेल."

ते गेल्यावर बाबा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी घर विकलं. मी म्हटलं, "हे पंचवीस चाकू पसंत पडले तर ऐरण इथेच राहील. नाही पडले तर गणपतीत अलोऱ्याचा दादा येईल तेव्हा मी स्वतः उचलून जीपमध्ये ठेवीन."

"बगू," बाबा म्हणाले. त्यांच्या "बघू"चा अर्थ "नाही" असाच असायचा, पण त्यात वाटेपुरती एक फट असे.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई म्हणाली आणि ते खरंच होतं. पहिला चाकू कानशीने करायला मला दोन दिवस लागले आणि सपाट अंगाला पोट ते आलंच. मग दुसरं पातं गावातल्या सायकलवाल्याकडे नेलं. त्याच्याकडे धार लावायचं एमरीचं गोल चाक होतं. चाक गोल, त्यामुळे पात्याला खळगा पडला आणि कडेला निळी झाक आली. बाबांनी नखाने धार चाचपली. "पानी गेला ह्याचा," म्हणाले आणि पातं भंगारात टाकलं. पातळ धार तापली की तिचं पाणी उतरतं, मग ती लोण्यालाही वाकते.

चैत्रात अलोऱ्याला चुलत भावाकडे पूजा होती. तो तिथल्या प्रकल्पाच्या वसाहतीत राहायचा आणि वर्कशॉपमध्ये कामाला होता. माणूस वाईट नाही. फक्त आमची ऐरण आपलीच झाली असं धरून चालला होता आणि तिच्यासाठी परसात ओंडकाही पुरून ठेवला होता. तो ओंडका त्याने मला कौतुकाने दाखवला.  पूजा झाल्यावर म्हटलं, दादा, तुझं वर्कशॉप दाखव.

तिथे मी ते यंत्र पाहिलं. पुरुषभर उंच. तीन चाकांवरून एमरीचा पट्टा धावत होता आणि पुढच्या बाजूला पट्ट्याच्या पाठीशी पोलादाचा सपाट पाट होता. एका कामगाराने त्यावर लोखंडाचा तुकडा टेकवला आणि मी जे दोन दिवसांत केलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं. सपाट, लखलखीत. प्रसादाचा द्रोण हातात धरून मी तिथं अर्धा तास उभी होते.

"बगून काय करनार गो?" भाऊ हसला. "ही काय तुमच्या शाळंत मावनार नाय."

"छोटं करीन."

"आनि ऐरन?"

"ओंडक्यावर तुळस लाव," मी म्हटलं.

परतीच्या एस.टी.त डोकं भणभणत होतं. छोटं म्हणजे केवढं? कुणीतरी मुंबईच्या दुकानाचं छापील पत्रक आणून दिलं. त्यातलं सगळ्यात छोटं यंत्रसुद्धा तीन फेजवर चालणारं आणि आमच्या घरात सिंगल फेज, तीही संध्याकाळी कंदिलाशी बरोबरी करणारी. शिवाय त्याचा पट्टा मुंबईतच मिळायचा. पावसात दरड कोसळून रस्ता बंद झाला की यंत्र शोभेला. तेव्हा मी ठरवलं, आधी पट्टा, मग यंत्र. रत्नागिरीच्या बाजारात सुतारांसाठी एमरी कापडाचं भेंडोळं मिळतं, दोन बोटांहून थोडं रुंद. तेच कापायचं, टोकाला टोक चिकटवायचं आणि जेवढा पट्टा होईल त्याच्या मापाची चाकं करायची. लोक आधी यंत्र घेतात आणि मग त्याच्यासाठी जन्मभर पट्टे शोधत फिरतात.

चाकांसाठी मी मिरकरवाड्यात गेले. बंदरावर ट्रॉलरच्या दुरुस्तीचं एक वर्कशॉप होतं. तिथे लेथवर बसणारे एक वयस्क चाचा होते. मी कागदावर काढून आणलेलं चित्र त्यांनी उलटं धरलं, सुलटं धरलं.

"बेटी, घरातून कुणी पुरुष माणूस नाही आलं?"

"चाकं मला हवीत," मी म्हटलं. "चार इंचाची, अगदी सरळ. मोठी नकोत. पट्टा जास्त पळाला तर पातं तापेल."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मग पुन्हा तसलं काही विचारलं नाही. चाकं दिली, सांगाडा वेल्ड करून दिला, वरच्या चाकाला ताण द्यायला कुठल्यातरी इंजिनातली स्प्रिंग बसवून दिली. अर्ध्या हॉर्सची जुनी मोटर, वाइंडिंग नवीन करून, त्यांनीच एकाकडून मिळवून दिली. ती मी एस.टी.त मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट फाडू का? शेजारची म्हातारी गावापर्यंत हसत होती.

आणि घरी येऊन बटण दाबलं तर पट्टा डावीकडे सरकला आणि चाकावरून उतरून पडला. पुन्हा चढवला, उजवीकडे पडला. चाक जरा तिरपं केलं, सरळ केलं, स्प्रिंग आवळली, सैल केली. आठ दिवस हेच. बाबा भात्याजवळ बसून बघायचे. एकदाच बोलले, "माजी कानस कदी पळून गेली नाय." मी त्या दिवशी जेवले नाही.

आगोट जवळ आली होती. पावसाआधी चार महिन्यांचं सगळं घरात भरून ठेवायचे दिवस. तांदूळ करून आणायला मी गिरणीत गेले. तिथे इंजिनावरून गिरणीकडे वीतभर रुंद पट्टा पळत होता, फटफट वाजत, पण चाक सोडत नव्हता. वर्षानुवर्षं मी ती गिरणी बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. इंजिन थांबल्यावर मी पुढे होऊन चाकावर हात फिरवला.

"हात काड गो! तुटंल!" गिरणीवाला ओरडला.

पण माझ्या तळव्याला कळलं होतं. चाकाला मध्ये पोट होतं. अगदी थोडं, डोळ्याला न दिसणारं. फुगीर चाकावर पट्टा आपोआप मध्यावर चढतो. इतके महिने मी ज्या पोटाला शिव्या घालत होते, तेच माझ्या चाकाला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मिरकरवाडा. चाचा ऐकून घेऊन म्हणाले, "हो, पोट पाहिजेच."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? सरळ पाहिजे म्हणालीस, सरळ दिलं."

मी हसले, पण दात ओठ खाऊनच. त्यांनी वरच्या चाकाला दोन्ही कडांनी नखभर उतार दिला. घरी येऊन बटण दाबलं. पट्टा थरथरला, मध्यावर आला आणि तिथेच राहिला. मी ओरडलेच. आई पोळपाट हातात घेऊन धावत आली.

मग काम सुरू झालं. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे तापवून, ठोकून पाती काढायची. ती माझ्या घणाने आणि बाबांच्या नजरेने. तापलेल्या पोलादाचा रंग बघून नेमकं केव्हा बुडवायचं, हे बाबांइतकं कुणाला कळत नव्हतं. पण पाणी पाजून ते पाती माझ्यापुढे सरकवत तेव्हा त्यांवर ठिपके मारलेले नसत. मी दोन दिवस वाट पाहिली आणि विचारलं.

"यंत्रानं घासलेल्यावर आपली खून नाय," ते म्हणाले.

मला ते फारच लागलं. पाती उचलली आणि पट्ट्याकडे गेले. सकाळी विजेला जोर असायचा, तेव्हाच घासायचं. हातात मोजे घालायचे नाहीत. उघड्या बोटांना पातं तापल्याचं आधी कळतं. दोन फेऱ्या, की बादलीत बुडवायचं. दोन फेऱ्या, बादली. वीज असेल त्या दिवशी एक चाकू, कधी दोन. मूठ खैराची. मिरग सरला तेव्हा चौदा चाकू तयार होते आणि त्यांची सपाट बाजू खरंच सपाट होती.

आता माझी चूक सांगते. आमच्याकडे पावसात जे जे कोरडं ठेवायचं, ते ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. बियाणं, सोलं, सुकट, काड्यापेट्या, शाळेची पुस्तकंसुद्धा. मी आगोटीला तीस पट्टे सरसाने चिकटवून तयार केले होते आणि ते अर्थातच माळ्यावर ठेवले. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. जूनच्या शेवटी वापरायला खाली ठेवलेले पट्टे संपले, म्हणून माळ्यावरचा पहिला काढला. चढवला, बटण दाबलं, आणि तो सांध्यात तुटून माझ्या मनगटावर सप्पकन बसला. दुसरा तुटला. तिसरा, चौथा. महिनाभर धूर आणि आच खाऊन सरस करकरीत झाला होता. तिसाच्या तीस पट्ट्यांचे सांधे बोटाने दुमडले की कडाकड मोडत होते.

अकरा चाकू बाकी होते. त्याच सकाळी बागायतदारांचा गडी निरोप घेऊन आला होता, की रोपं वर आली, तांबूस पान सुटलंय.

मी ओट्यावर बसून रडले. रागानेच रडले, पण रडले. बाबा शाळेच्या दारात उभे होते. मनगटावरचा वळ त्यांनी पाहिला. मला वाटलं, आता कानशीचं काहीतरी बोलतील. ते आत गेले आणि त्यांनी भट्टी विझवली. ते मला बोलण्याहून वाईट वाटलं.

आई मात्र एक पट्टा उचलून तो कानाशी मोडून बघत होती. "हे माळ्यावर ठेवलेलंस?"

"मग कुठे ठेवायचे?"

"पापड कदी चुलीवर ठेवतात काय गो? भुगा हुईल त्यांचा. आनि भाईर ठेवलं तर मऊ पडतील." तिने फळीवरून पापडाचा मोठा गोल डबा काढला. उन्हात खडखडीत वाळवलेला, आत फडकं, तोंडाला घट्ट झाकण. उरलेले पापड तिने एका परातीत ओतले आणि डबा माझ्यापुढे ठेवला. "त्यात ठेव. पापडाला मानवतो, तर ह्यांना न मानवायला काय झाला?"

त्या दिवशी मी सगळे सांधे सोडवले, कापडावरचा जुना सरस खरवडला, नवीन लावला, तिरके काप देऊन पुन्हा जोडले आणि दगडांखाली दाबले. दुसऱ्या दिवशी दुपारी सुकलेले पट्टे गोल गुंडाळून डब्यात ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक काढला आणि बटण दाबायच्या आधी मान बाजूला वळवून उभी राहिले. दुधाने तोंड पोळलेलं होतं. पट्टा धावला. पातं टेकवलं. धावतच राहिला. आत बघते तर बाबांनी भट्टी पेटवली होती.

बाकीचे अकरा चाकू सहा दिवसांत झाले. पंचविसावा बाबांनी माझ्या हातातून घेतला, सपाट अंग डोळ्यासमोर धरून उजेडाकडे बराच वेळ पाहिलं, आणि गोणपाटात गुंडाळला. चाकू पोचवायला मात्र ते स्वतः निघाले. छत्री डाव्या हातात, गाठोडं माझ्या डोक्यावर.

रोपवाटिकेत मांडवाखाली कलमं बांधणारे बसले होते. त्यातला सगळ्यात जुना माणूस बाबांना चांगला ओळखत होता. त्याने एक चाकू घेतला, हापूसची काडी घेतली, एक ओढ. काप इतका चकचकीत, की त्यावर पावसाचा थेंब ठरेना. दुसऱ्या बाजूने एक ओढ. पाचर रोपात बसवली, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली. मग चाकू उलटासुलटा करून मुठीजवळ बघत राहिला.

"ठिपके कुठं हायत?" त्याने विचारलं. "ह्यो तुमचा नाय?"

 बाबांनी छत्री उगाच उघडली, मिटली. खरं सांगायचं तर मला त्यांची दयाही आली आणि बरंही वाटलं.

श्रावणाच्या शेवटी बागायतदार आमच्या घरी आले. हातात एक कलम होतं, काडीच्या टोकाला नवा फुटवा आलेला. "गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ जास्त जगलीत," म्हणाले. "हे तुमच्या परसात लावा. आणि आणखी पंधरा चाकू करा, आमच्या पाहुण्यांना हवेत." पसंत की नापसंत, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं, ते ऐकलं. बाबांच्या तोंडून मात्र एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. हट्ट मला त्यांच्याकडूनच आलेला.

गणपती आले. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी चुलत भाऊ जीप घेऊन दारात. बरोबर दोन दांडगी माणसं आणि दोरखंड.  मी शाळेच्या दाराशी उभी राहिले, कडेला झाले नाही.

"काका, उचलायची ना?" भावाने विचारलं.

"उचल की," बाबा म्हणाले.

भाऊ आत गेला आणि थबकला. ऐरणीवर पंधरा पाती ओळीने मांडलेली होती. ठोकून झालेली, अजून पाणी न पाजलेली. बाबांनी सकाळीच मांडली होती, मला न सांगता.

"ही पाती कुठं ठेवू?"

"ती तिथंच ऱ्हानार. खून मारायचीय त्यांच्यावर," बाबा म्हणाले. "ऐरन रिकामी झाली का ने." आणि मग माझ्याकडे वळून, "काय गो, कदी हुईल रिकामी?"

 इतक्यात नाही, अशी मी मान हलवली.

बाबांनी ओंडक्याच्या भोकातून ठसा काढला. उजवा हात वर जात नव्हता, म्हणून डाव्या हाताने माझ्यापुढे धरला. तो अपेक्षेपेक्षा जड होता आणि बाबांच्या अंगठ्याने एका बाजूने गुळगुळीत झालेला. मी हातोडी घेतली. एक. दोन. तीन. तिन्ही ओळीत आले. मी सुस्कारा सोडला आणि पुढचं पातं ओढलं.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी पहिलं पातं पुन्हा माझ्यापुढे सरकवलं आणि तिसऱ्या ठिपक्याच्या पुढे बोट टेकवलं. "हितं जागा हाय. चौथा मार."

मी मारला. तो बाकीच्या तिन्हींपेक्षा खोल गेला आणि जरा वाकडाही पडला. बाबांनी तो अंगठ्याने चाचपला आणि दुसरं पातं पुढे केलं.

चुलत भाऊ जेवून, रिकामी जीप घेऊन परत गेला. जाताना आईने त्याला पापड बांधून दिले, पण वर्तमानपत्रात. डबा रिकामा नव्हता.